राजाशी माझं काय? स्काउटच्या वचनाची भारतीय गोष्ट

मागच्या हिवाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला. मुलगी साडेदहा वर्षांची, इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका शहरात वाढलेली. घरात मराठी बोलते, पण भांडायचं असलं की इंग्रजीत जाते. दर गुरुवारी संध्याकाळी ती स्काउट्सला जाते. गावाच्या टोकाला एक जुनी, ओलसर वास येणारी लाकडी शेड आहे. तिथे दोऱ्या, तंबू, एक झेंडा आणि न चालणारा हीटर असतो. मुलं तिथे गाठी मारतात, नकाशा वाचतात. महिन्यातून एका शनिवारी कालव्याच्या काठचा कचरा उचलतात. नाताळच्या आधी फूड बँकेसाठी डबे गोळा करतात.

तर ती म्हणाली, "मावशी, पुढच्या गुरुवारी मला सगळ्यांसमोर प्रॉमिस म्हणायचंय. त्यात देवाप्रति आणि राजाप्रति कर्तव्य असं आहे. देवाचं ठीक आहे, आजी रोज सांगते. पण राजाशी माझं काय?"

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं दोन ओळी आहेत, म्हणून टाक. सगळे म्हणतात." बाबा जरा गंभीर झाले. त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज नुकताच गेला होता. "उगाच वेगळं काही करायला जाऊ नकोस बाळा," एवढंच म्हणाले.

मी इतिहासात पोस्टडॉक करते. प्रश्न इतिहासाचा आहे हे मला लगेच कळलं, उत्तर मात्र आलं नाही. मग मी वाचायला बसले. शंभर वर्षांपूर्वी भारतात हाच प्रश्न मोठमोठ्या माणसांनी विचारला होता. त्यावरून संघटना फुटल्या, नव्या उभ्या राहिल्या आणि तीस वर्षं एकत्र आल्या नाहीत. पॉडकास्टच्या या भागात ही गोष्ट धावत सांगितली, इथे जरा निवांत सांगते. तुमच्यापैकी कितीतरी जण स्काउटमध्ये आहात किंवा होतात. अमेरिकेत ईगलसाठी कुणाच्या तरी देवळाचं कुंपण रंगवलं असेल, नाहीतर आखातातल्या भारतीय शाळेत स्कार्फ बांधला असेल. तेव्हा ही गोष्ट तुमचीही आहे.

सामान वसाहतीतलं

सुरुवात आपल्याला माहीत असलेल्या माणसापासून करू. रॉबर्ट बेडन-पॉवेल, जन्म १८५७. ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मॅफेकिंग या गावाला वेढा पडला, तो २१७ दिवस चालला, आणि तिथला बचाव करणारा म्हणून हा माणूस इंग्लंडमध्ये घराघरात पोचला. वेढ्याच्या काळात तिथल्या पोरांचं एक पथक निरोप पोचवायचं. मुलांवर जबाबदारी टाकली की ती पेलतात, हे त्याने तिथे पाहिलं. पुढे ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी नावाच्या बेटावर त्याने वीसेक मुलांची छावणी भरवली. काही मुलं इटनसारख्या महागड्या शाळांतली होती, काही जवळच्या गावांतल्या कामगारांची. १९०८ मध्ये 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक हप्त्याहप्त्याने आलं. मुलांनी ते विकत घेतलं आणि मोठ्यांची वाट न बघता स्वतःच टोळ्या करून रानात जायला सुरुवात केली.

ही झाली नेहमीची गोष्ट. आता जरा मागे जा. हा तरुण अधिकारी पहिल्यांदा नोकरीवर रुजू झाला तो भारतात, १८७६ साली, लखनौला. पुढे १८९७ नंतर मेरठच्या छावणीत तो एका घोडदळ रेजिमेंटचा प्रमुख होता. तिथे त्याने सैनिकांना टेहळणी शिकवली. लहान तुकड्या करायच्या, माग काढायचा, खुणा वाचायच्या, स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायचा. जे पास होत त्यांना बाणाच्या टोकासारखा, लिलीच्या फुलाचा बिल्ला मिळायचा. तोच आकार आज जगभरच्या स्काउटच्या बिल्ल्यावर आहे. सैनिकांसाठी लिहिलेलं त्याचं टेहळणीचं पुस्तक या शिकवणीतूनच आलं आणि मुलांचं पुस्तक त्या पुस्तकातून.

अजून पुढे बघा. ट्रेमध्ये वीस-पंचवीस वस्तू ठेवायच्या, एक मिनिट बघायचं, मग झाकून आठवायच्या. हा खेळ तुम्ही खेळलाच असाल. त्याचं नाव 'किम्स गेम', आणि तो किपलिंगच्या 'किम' या कादंबरीतून घेतलाय. कादंबरीत हा खेळ सिमल्याच्या एका दुकानात होतो. लहान मुलांसाठी १९१६ मध्ये 'वुल्फ कब' सुरू झाले, त्यात अकेला, बघीरा, बल्लू ही सगळी मंडळी 'जंगल बुक'मधली. ते जंगल म्हणजे सिवनीचं. नागपूरहून जबलपूरला गाडीने जाताना सिवनी वाटेतच लागतं. मोठ्या स्काउटमास्तरांना गळ्यात घालायला जे लाकडी मणी देतात, त्यांचा नमुना झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतला.

म्हणजे या खेळाचं सामान कितीतरी प्रमाणात वसाहतींतून आलेलं. काही शिकून घेतलेलं, काही उचललेलं. मग वसाहतीतल्या मुलांना हा खेळ खेळता येत होता का?

खडकीच्या तारेपलीकडे

भारतात पहिलं स्काउट पथक १९०९ मध्ये बंगळुरूला निघालं. काढणारा कॅप्टन टी. एच. बेकर नावाचा अधिकारी. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत खडकी, सिमला, मद्रास, जबलपूर, लोणावळा इथे पथकं निघाली. नावं नीट वाचा. बहुतेक सगळी लष्कराची ठाणी, रेल्वेची गावं किंवा थंड हवेची ठिकाणं. पथकांत मुलं होती ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. १९११ मध्ये मुलींचं पहिलं गाईड पथक जबलपूरला सुरू झालं, तेही असंच.

भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. का नव्हता, हे समजायला त्या सालांकडे बघावं लागतं. १९०८ आणि १९०९ ही सरकारच्या डोळ्याला डोळा न लागण्याची वर्षं. बंगालमध्ये बॉम्ब फुटत होते. तिथल्या अनुशीलन समितीसारख्या तरुणांच्या संघटनांवर बंदी आली. आपल्याकडे २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेऱ्यांनी तेव्हा विशीही गाठली नव्हती. अशा काळात तरुण मुलांना माग काढायला, खुणेने निरोप पाठवायला, रात्री रानात दिशा ओळखायला शिकवायचं आणि वर त्यांना स्वतःचा नेता निवडून स्वतः निर्णय घ्यायला सांगायचं? सरकारला ते परवडणारं नव्हतं. लंडनमध्ये हाच अभ्यासक्रम चारित्र्य घडवणारा होता, पुण्यात तोच राजद्रोहाची पूर्वतयारी ठरला असता.

मला इथे नेहमी खडकी डोळ्यांसमोर येते. कागदावर मला असं कुठे सापडलेलं नाही, ही माझी कल्पना आहे. छावणीच्या मैदानावर गोरी पोरं तंबू ठोकतायत आणि तारेपलीकडे पुण्यातली दोन-चार पोरं उभी राहून बघतायत. त्यांना गाठ कशी मारतात ते दिसतंय. गाठ लांबून बघूनही शिकता येते, तिच्यावर पहारा बसवता येत नाही.

आपणच काढू

आणि झालं तसंच. परवानगी मिळत नाही म्हटल्यावर लोकांनी स्वतःची पथकं काढली.

१९१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांचं एक पथक उभं केलं. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 'इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन' काढली. होमरूल चळवळीचं ते वर्ष. त्यांच्या मुलांच्या डोक्यावर टोपीऐवजी फेटा असायचा आणि शेकोटीभोवती भारतीय गाणी म्हटली जायची. आणि थोड्याच काळात अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि हेच बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली.

या शेवटच्या संघटनेकडे मला तुमचं लक्ष वेधायचंय, कारण तिच्यात पुण्याचा एक धागा आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. आयुष्यभर थोड्या मानधनावर देशाचं काम करणारी माणसं तयार करायची, ही त्यामागची कल्पना. कुंझरू आणि बाजपेयी दोघेही या समाजाचे सदस्य. कुंझरू तर पुढे कित्येक दशकं त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे अलाहाबादच्या त्या स्काउट्सच्या मागे एकीकडे बेडन-पॉवेलचं पुस्तक होतं आणि दुसरीकडे पुण्याच्या गोखल्यांची शिकवण.

त्याचा परिणाम कामात दिसला. बेडन-पॉवेलच्या पुस्तकात 'रोज एक सत्कृत्य' आहेच. म्हातारीला रस्ता ओलांडून देणं वगैरे. सेवा समितीने ते सत्कृत्य थेट कुंभमेळ्यात नेलं. १९१८ च्या अलाहाबादच्या कुंभाचा विचार करा. लाखोंची गर्दी, नदीचा काठ, हातात ना फोन ना कर्णा. हरवलेल्या म्हाताऱ्यांना घरच्यांपर्यंत पोचवायचं, घाटावर गर्दीला वाट करून द्यायची, आजारी माणसाला उचलून दवाखान्यात न्यायचं. ही कामं स्वयंसेवकांनी आणि पोरांनी केली. टोळी करणं, शिट्टीवर जमणं, दोरी लावणं, प्रथमोपचार हे रानातलं सगळं शिक्षण इथे माणसांच्या जंगलात उपयोगी पडलं. आजही भारतात मोठ्या जत्रेत स्कार्फ घातलेली मुलं पाणी वाटताना किंवा हरवलेल्या पोराचा हात धरून चौकीकडे जाताना दिसतात. ती सवय तेव्हापासूनची.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायला नको. या संघटनांचे बहुतेक पुढारी शिकलेल्या, वरच्या जातींच्या घरांतले होते. 'चारित्र्य' आणि 'शिस्त' हे शब्द तेही वापरत. कधी कधी ते गोरगरिबांकडे जसे बघत, तसंच इंग्रज त्यांच्याकडे बघत होते. सेवा करणारा कोण आणि करवून घेणारा कोण, हा प्रश्न त्या घाटावरही होता. आपण शनिवारी कालव्यावर कचरा उचलून सेल्फी काढतो, तेव्हाही तो असतो.

१९२१: तीन शब्दांवर अडलेली गाडी

एव्हाना सरकारपुढे वेगळीच अडचण उभी राहिली होती. भारतीय मुलं स्काउटिंग करतच होती, फक्त सरकारच्या हाताबाहेर. तेव्हा त्यांना आत घेतलेलं बरं असं ठरलं. व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या निमंत्रणावरून १९२१ च्या सुरुवातीला बेडन-पॉवेल पत्नी ओलेव्हसह भारतात आले. सगळ्या संघटना एक करायच्या हा दौऱ्याचा हेतू.

बेझंटबाईंची संघटना विलीन झाली. भारतीय मुलांना अधिकृत दार उघडलं. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. अडचण गणवेशाची नव्हती, पैशाचीही मुख्यतः नव्हती. अडचण वचनाची होती. विलीन व्हायचं तर मुलांना 'राजाप्रति कर्तव्य' असं म्हणावं लागणार होतं, आणि ते या मंडळींना मान्य होईना.

साल कुठलं ते विसरू नका. जालियनवाला बागेला दोन वर्षं होत होती. लोकमान्य जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते. असहकार सुरू होता, पोरं सरकारी शाळा-कॉलेजं सोडून बाहेर पडत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजाचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईत उतरला तेव्हा बहिष्कार झाला आणि शहरात दंगल पेटली. अशा वर्षी बारा वर्षांच्या मुलाला तीन बोटं वर करून राजाला वचन द्यायला सांगायचं!

मालवीय आणि कुंझरू हे काही बॉम्बवाले नव्हते. दोघेही सनदशीर मार्गाचे, मवाळ म्हणवले जाणारे. कुंझरू तर गोखल्यांच्या तालमीतले, सरकारशी अर्ज-विनंत्यांची भाषा बोलू शकणारे. तरीही इथे ते अडले. याचं कारण, मला वाटतं, त्यांनी स्काउटचं वचन गंभीरपणे घेतलं होतं. स्काउटच्या नियमांतला पहिलाच नियम सांगतो की स्काउटच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो. शब्दाला एवढी किंमत द्यायची असेल, तर मनात नसलेली गोष्ट मुलाच्या तोंडून वदवून घेणं हे त्या पहिल्याच नियमाला धरून होत नाही. "दोन ओळी आहेत, म्हणून टाक" हे त्यांना म्हणता येईना.

मग आत गेलेले चुकले का? मला तसं वाटत नाही. आत गेल्यामुळे हजारो भारतीय मुलांना सरकारी शाळांमधून ते रान, त्या गाठी, ती शेकोटी मिळाली. नागपूरचे न्यायमूर्ती विव्हियन बोस हे त्या बाजूचं ठळक नाव. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नागरिकांच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारे न्यायाधीश म्हणून वकिलांना आजही ठाऊक आहेत. राजाला वचन देणाऱ्या संघटनेत काम केलेला माणूस आयुष्यभर सत्तेला प्रश्न विचारू शकला. वचनाचे शब्द माणसाला पुरते बांधून ठेवत नाहीत, हेही या गोष्टीत आहे.

पुढे १९३७ मध्ये दिल्लीला जांबोरी भरली, तेव्हा बेडन-पॉवेल पुन्हा आले. त्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी काढलेले उणे उद्गार छापून आले आणि देशभर संताप झाला. पुन्हा फाटलं. १९३८ मध्ये सेवा समिती आणि इतर मंडळींनी मिळून 'हिंदुस्थान स्काउट असोसिएशन' केली. एका देशात दोन स्काउट चळवळी समोरासमोर. गाठी त्याच, शिट्टी तीच, वचन वेगळं.

राजा गेल्यावर

१९४७ नंतर राजाचा प्रश्न उरला नाही. तरी तीस वर्षं वेगळी चूल मांडलेली घरं एका दिवसात एक होत नाहीत. पंतप्रधान नेहरू आणि शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी लक्ष घातलं. मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पकवासा, त्यांच्याच नागपुरातले न्यायमूर्ती बोस, आणि समोरच्या बाजूने कुंझरू आणि बाजपेयी अशी मंडळी बोलत बसली. एक आत राहून काम केलेला, दुसरे बाहेर राहून काम केलेले. ७ नोव्हेंबर १९५० ला दोन्ही संघटना मिळून 'भारत स्काउट्स अँड गाईड्स' झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली.

नव्या वचनात राजाच्या जागी देश आला, हे तर ओघानेच. पण अजून एक छोटा बदल आहे, तो मला जास्त आवडतो. त्यात 'ईश्वर' किंवा 'धर्म' यातला एक शब्द मुलाने निवडायचा असतो. ज्याचा देव नाही त्याने खोटं बोलू नये, एवढी सोय त्या कागदावर करून ठेवली आहे. वचनाच्या शब्दांवरून तीस वर्षं भांडलेल्या मंडळींना शब्दांची किंमत कळली असावी.

मी लहानपणी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी गाईड होते. आमच्याकडे स्काउटला बालवीर आणि गाईडला वीरबाला म्हणायचे. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, आणि दरवर्षीची 'खरी कमाई'. खरी कमाई म्हणजे घरोघर जाऊन कामं करायची आणि मिळतील ते पैसे घेऊन कार्डावर सही आणायची. तांदूळ निवडायचे, सायकल पुसायची, अंगण झाडायचं. पुढे पुढे त्याचं शाळेतल्या भेळेच्या स्टॉलमध्ये रूपांतर झालं, तुमच्या आईबाबांना तेच आठवत असेल. मी आमच्या शेजारच्या आजींची तांब्याची भांडी चिंचेने घासली होती. त्यांनी दोन रुपये दिले आणि म्हणाल्या, "घरी आईला करू लागतेस का गं कधी?" मी गप्प. कार्डावर सही केली, पण ती केल्यावर मला फार काही मिळवल्यासारखं वाटलं नाही. सेवेबद्दल मी शाळेत जे काही शिकले, त्यातला मोठा भाग त्या एका प्रश्नात होता.

आमच्या त्या गावाहून पुण्याला सहल गेली तेव्हा आम्हाला 'संगम' दाखवलं होतं. जगभरच्या गर्ल गाईड्सची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं एक पुण्यात आहे, १९६६ पासून. उद्घाटनाला आल्या होत्या ओलेव्ह बेडन-पॉवेल. १९२१ मध्ये नवऱ्याबरोबर राजाच्या वतीने भारतात आलेल्या बाई पंचेचाळीस वर्षांनी स्वतंत्र भारतात पाहुण्या म्हणून आल्या. नाव 'संगम' ठेवलं, हे मला फार बरं वाटतं. अलाहाबादच्या संगमावर भारतीय स्काउट्सनी स्वतःचं काम शोधलं होतं.

पुतळा आणि शेड

तुम्ही म्हणाल, मग बेडन-पॉवेलचं काय करायचं? जून २०२० मध्ये हाच प्रश्न इंग्लंडमध्ये रस्त्यावर आला होता. ब्राउनसी बेटासमोर पूल नावाचं बंदर आहे, तिथे त्याचा पुतळा बसलेला आहे. तो हलवायचा की ठेवायचा यावरून वाद पेटला, स्काउट्स येऊन पहाऱ्याला उभे राहिले, शेवटी पुतळ्याभोवती फळ्या ठोकाव्या लागल्या.

माझं मत विचाराल तर, तो माणूस साम्राज्याचा शिपाई होता, हे स्वच्छ सांगावं. आफ्रिकेत १८९६ मध्ये त्याने पकडलेल्या एका स्थानिक प्रमुखाला गोळ्या घालायला लावल्या. त्याची चौकशी झाली आणि तो निर्दोष सुटला, पण ती गोष्ट विसरली गेली नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या मुलांना बरीच वर्षं स्काउट म्हणवून घेता आलं नाही, त्यांची वेगळी 'पाथफाइंडर' संघटना होती. हे सगळं त्याच चळवळीच्या पोटात घडलं. आणि त्याच चळवळीने आठ मुलांच्या टोळीला रानात सोडून "तुमचं तुम्ही बघा" म्हणण्याची हिंमत केली. मुलांवर एवढा विश्वास तेव्हाच्या शाळा टाकत नव्हत्या. आजच्याही फारशा टाकत नाहीत. भारतातल्या मंडळींनी या दोन गोष्टी सुट्या केल्या. टोळी, रान, विश्वास आणि सेवा ठेवून घेतली आणि राजा परत पाठवला. पुतळ्याचं काय करायचं ते पूलच्या लोकांनी ठरवावं. आपल्या शेडमध्ये काय ठेवायचं ते ठरवायला आपण मोकळे आहोत.

त्या गुरुवारी

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगितलं, अर्थात बरंच थोडक्यात. मालवीयांपाशी तिला जांभई आली, कुंभमेळ्यातल्या हरवलेल्या आज्यांपाशी ती सावरून बसली. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी नाही म्हणू शकते?"

मी म्हटलं, "आधी तुमच्या लीडरना विचार." लीडर म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. तिने विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. ब्रिटनच्या स्काउट्सच्या नियमांत याची सोय आहेच. जे मूळचे या देशाचे नागरिक नाहीत, त्यांना 'राजा'च्या ऐवजी 'मी आत्ता राहते त्या देशाप्रति कर्तव्य' असं म्हणता येतं. देव न मानणाऱ्यांसाठीही २०१४ पासून वेगळं वचन आहे. म्हणजे जे भांडण अलाहाबादला तीस वर्षं चाललं, त्याच्या तोडग्यासारखं काहीतरी या शेडमधल्या पुस्तिकेत छापलेलं होतं. आम्ही कोणी ते वाचलं नव्हतं, एवढंच.

बाबांना तरी धाकधूक होती. "पुढे कुठे नोंद बिंद होईल का याची?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी नाही म्हटलं. पण त्यांची भीती मला हास्यास्पद वाटली नाही. परक्या देशात अर्ज टाकून बसलेल्या माणसाला वेगळं दिसणं महाग पडू शकतं, हे मलाही ठाऊक आहे. माझाही करार दोन वर्षांचा आहे. १९२१ मध्येही आपल्या मुलाने निमूट ओळ म्हणावी असं वाटणारे आईबाप असतीलच, आणि त्यांनाही आपण भित्रे म्हणून सोडून देऊ नये.

गुरुवारी आम्ही तिघंही मागच्या बाकावर बसलो. पाऊस पडत होता, हीटर बंदच. तिच्या आधी दोन मुलांनी राजाचं नाव घेतलं आणि त्यात काही खोटं नव्हतं, त्यांचं ते मनापासून होतं. मग ही पुढे गेली. तीन बोटं वर केली. थोडी अडखळली आणि म्हणाली, 'मी आत्ता राहते त्या देशाप्रति.' कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. लीडरनी डावा हात पुढे केला, स्कार्फ बांधला, आणि सगळे बिस्किटांकडे वळले.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "मला 'आत्ता' आवडलं. कारण ते खरं आहे." तिच्या बाबांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या पथकाचं वचन काय आहे, ते एकदा नीट वाचा. कुठल्या देशाचं नाव आहे, कुठल्या देवाचं, कुणाच्या मदतीचं. ते आधी वेगळं होतं का, कुणी आणि कशावरून बदललं, ते शोधा. इस्रायलमध्ये असाल तर तिथले 'त्सोफिम' १९१९ पासूनचे आहेत, आणि मुलं-मुली एकत्र असण्याबद्दल ते ओळखले जातात. अमेरिकेतल्या मुख्य स्काउट संघटनेने २०१९ मध्ये मोठ्या मुलींना आत घेतलं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. आखातातल्या भारतीय शाळेत असाल तर तुमच्या हातात कदाचित ते 'ईश्वर किंवा धर्म' वालंच वचन असेल. घरी आईबाबांना त्यांच्या खऱ्या कमाईबद्दल विचारा, भेळ विकली की भांडी घासली ते. आणि वचन म्हणायची वेळ आली, तर म्हणण्याआधी एकदा विचारून बघा की यातलं मला खरंच काय म्हणायचंय. उत्तर 'सगळंच' असेल तर उत्तमच. नसेल तर पुस्तिकेची पुढची पानं उघडून बघा.